नानांच्या अंगठीतला अकीक

[अंगठीत, तसबीहमध्ये किंवा गळ्यातल्या माळेत दिसणारा अकीक तुमच्या ओळखीचा असेल. त्याचे नाव उर्दूत आणि मराठीत एकच आहे. हा दगड कसा तयार होतो, खरा अकीक कसा ओळखावा, त्याचे दागिने कसे घडतात आणि ते घडवणाऱ्या माणसांना काय सोसावे लागते, याची माहिती लेखकाने या पाठात एका आठवणीच्या आधाराने सांगितली आहे.]

मांजरसुंबा हे आमचे गाव. बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगररांगेवर ते वसले आहे. धुळ्याहून सोलापूरला जाणारा रस्ता आणि अहिल्यानगरहून अहमदपूरला जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे चौकात दिवसरात्र वर्दळ असते. ट्रक थांबतात, प्रवासी उतरतात, चहा घेतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. चौक सोडून शिवारात शिरले, की मात्र पायाखाली दगडच दगड लागतात. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण. पाणी हवे असेल तर हा पाषाण फोडूनच खाली जावे लागते.

माझे नाना विहिरी खोदणाऱ्या टोळीत काम करत. ही गोष्ट १९८० च्या आसपासची आहे. तेव्हा मी सातवीत होतो. नानांच्या उजव्या हातात चांदीची एक अंगठी असे. तिच्या कोंदणात तांबूस तपकिरी रंगाचा एक खडा बसवलेला होता. उन्हात हात धरला, की त्या खड्यातून मधासारखा उजेड झिरपत असे. कामाला लागताना नाना अंगठी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि संध्याकाळी हातपाय धुतले, की पुन्हा बोटात घालत.

“नाना, हा खडा कुठला?” मी एकदा विचारले.

“अकीक आहे, बेटा. लोक म्हणतात, यमनहून येतो,” नाना म्हणाले.

एका रविवारी मी नानांची भाकरी घेऊन विहिरीवर गेलो. काठावर फोडून काढलेल्या दगडांचा ढीग पडला होता. त्यात मला बटाट्याएवढा एक दगड दिसला. बाहेरून तो मातकट, खडबडीत आणि अगदी कुरूप होता. मी तो फेकून देणार, इतक्यात नाना म्हणाले, “थांब. तो इकडे आण.”

नानांनी तो दगड पाण्याच्या बादलीत बुडवला. तोंडावर ओला रुमाल बांधला. वारा ज्या बाजूने येत होता, त्या बाजूला मला उभे केले. मग छिन्नी लावून हातोडीचे दोन घाव घातले. दगडाचे दोन तुकडे झाले आणि मी पाहतच राहिलो. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे आत एकाला लागून एक अशी वलये होती. कुठे राखाडी, कुठे दुधासारखी पांढरी, तर कडेला एक तांबूस रेघ. अगदी मध्यभागी एक लहानशी पोकळी होती आणि तिच्यात साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक चमकत होते. नानांनी खिशातून अंगठी काढली आणि त्या तांबूस रेघेजवळ धरली.

“बघ, दोघे एकाच घराण्यातले आहेत,” ते म्हणाले.

“म्हणजे यमन आपल्या विहिरीतच आहे की!” मी म्हणालो. टोळीतली सगळी माणसे हसली.

“पण नाना, तोंडाला रुमाल कशाला बांधला?”

नाना गंभीर झाले. “बहात्तरच्या दुष्काळात आम्ही महिनोन्‌महिने खडी फोडली, बेटा. कोरड्या धुळीत ज्यांनी काम केले, त्यांतल्या कितीतरी जणांची छाती पुढे कधी बरी झाली नाही. म्हणून सांगतो, दगड कोरडा फोडू नये.”

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला फार वर्षांनी कळला.

दुसऱ्या दिवशी ते दोन तुकडे मी शाळेत नेले. विज्ञानाच्या सरांनी ते खिडकीजवळ नेऊन निरखले. मग त्यांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि आम्हांला या दगडाचीच कहाणी सांगितली.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरला. तो थंड झाला, की त्याचा खडक बने. त्यावर पुन्हा लाव्हाचा नवा थर येई. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही हा काळा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात पसरलेला आहे. त्याला बेसॉल्ट असे म्हणतात. आपल्या घरांच्या पायाचे दगड, रस्त्यावरची खडी आणि जात्याची तळी बहुधा याच खडकाची असतात.

लाव्हारसात वायूचे बुडबुडे असतात. रस गोठला, की त्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. पावाचा तुकडा मोडला तर आत जशी छिद्रे दिसतात, तशाच या पोकळ्या असतात. पुढे खडकातून झिरपणारे पाणी या पोकळ्यांत शिरते. त्या पाण्यात सिलिका नावाचे द्रव्य विरघळलेले असते. ते पोकळीच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपाने साचते. मग दुसरा थर, मग तिसरा. पाण्यात लोहाचा अंश असेल तर थर पिवळा, तपकिरी किंवा लाल होतो. नसेल तर पांढरा किंवा राखाडी राहतो. पोकळी पूर्ण भरली तर भरीव अकीक तयार होतो. मध्ये जागा उरली तर तेथे स्फटिक वाढतात. बाहेरचा खडक झिजून माती होतो, पण आतला अकीक सहसा झिजत नाही. म्हणून तो ओढ्यात, नदीच्या पात्रात आणि नांगरलेल्या शेतात सुटा सापडतो.

“आपल्याकडची गारगोटी, बिल्लोरी स्फटिक, जांभळा स्फटिक आणि हा अकीक, ही सगळी सिलिकेचीच रूपे आहेत,” सर म्हणाले. “फरक एवढाच, की स्फटिकात कण मोठे आणि टोकदार वाढतात. अकीकात ते इतके सूक्ष्म असतात, की डोळ्यांना दिसत नाहीत.”

मग सरांनी एक खेळ केला. पेन्सिलीला टोक करण्याच्या चाकूचे पाते त्यांनी अकीकावर जोराने ओढले. दगडावर एक रेघ उमटली. मला वाईट वाटले. पण सरांनी ती बोटाने पुसली, तर रेघ नाहीशी झाली! ती दगडावरची चीर नव्हती. चाकूचे लोखंडच झिजून दगडाला लागले होते. नंतर त्यांनी अकीकाच्या धारेने काचेच्या तुकड्यावर रेघ ओढली. ती मात्र पुसली गेली नाही.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस यांनी १८१२ साली खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक श्रेणी तयार केली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि सर्वांत कठीण हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. काच आणि चाकूचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास येतात. अकीक साडेसहा ते सातच्या दरम्यान येतो. दागिन्याच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. आपल्या अंगावर रोज बसणाऱ्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ असतो. त्यापेक्षा फार मऊ असलेला खडा रोजच्या वापरात हळूहळू ओरखडतो आणि त्याची चमक जाते. अकीक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नानांची अंगठी त्यांच्या वडिलांची होती, तरी तिच्या खड्यावर ओरखडा नव्हता.

अकीकाचे आणखी काही गुण आहेत. तो पाण्याच्या सुमारे अडीचपटीहून थोडा जड असतो. तो हिऱ्यासारखा पारदर्शक नसतो. त्याच्यातून उजेड येतो, पण पलीकडचे दिसत नाही. म्हणून त्याला हिऱ्यासारखे पैलू सहसा पाडत नाहीत. वरून घुमटासारखा गोल आणि खालून सपाट असा आकार देऊन तो कोंदणात बसवतात. लाल अकीकाला इंग्रजीत कार्नेलियन म्हणतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा दगड बाजारात सुलेमानी म्हणून ओळखला जातो. काही अकीकांत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. उत्तर प्रदेशात बांदा येथे केन नदीत असे दगड मिळतात आणि तेथे त्यांना शजर म्हणतात. शजर म्हणजे झाड, हे तुम्हांला सांगायला नको.

सुट्टीत नाना मला बीडला घेऊन गेले. अंगठीचे कोंदण सैल झाले होते. सोनारकाकांनी खडा बाहेर काढून पुसला.

“चाचा, असा माल आता कमी येतो,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बाळ, तुला खरे-खोटे ओळखता येते का?”

त्यांनी माझ्यासमोर दोन लाल खडे ठेवले. दोन्ही सारखेच दिसत होते. “आधी गालाला लाव,” ते म्हणाले. एक खडा गार लागला आणि बराच वेळ गारच राहिला. दुसरा लवकर कोमट झाला. मग त्यांनी भिंग दिले. दुसऱ्या खड्यात बारीक गोल बुडबुडे दिसले. ती काच होती. “तिसरी युक्ती रंगाची,” काका म्हणाले. “निसर्गाचा रंग कुठे गडद, कुठे फिका असतो. सगळीकडे एकसारखा भडक रंग असेल, विशेषतः गर्द निळा किंवा गुलाबी, तर दगड रंगवलेला आहे असे समज.”

अकीकात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे तो रंग शोषून घेतो. जर्मनीतील ईडार-ओबरस्टाईन या गावचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून या कलेसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. रंगवणे हा गुन्हा नव्हे. रंगवलेला दगड नैसर्गिक म्हणून विकणे ही मात्र लबाडी आहे. हा खडा घातला तर कर्ज फिटेल, तो घातला तर परीक्षेत पास व्हाल, असे सांगून जत्रेत आणि उरुसात खडे विकले जातात. सिलिकेच्या कणांना आपले कर्ज किंवा आपली परीक्षा कळत नाही.

परत येताना बसमध्ये मी नानांना विचारले, “नाना, या अंगठीने बरकत येते का?”

“बरकत देणारा अल्लाह आहे, बेटा,” नाना म्हणाले. “ही तर माझ्या अब्बांची आठवण आहे.”

आणखी एक गोष्ट मला त्या दुकानात समजली. मी सोनारकाकांना माझ्या दगडाची किंमत विचारली होती. विहिरीवरच्या ढिगात खजिना सापडला, असे मला वाटत होते. काका हसले. “असा कच्चा दगड किलोवर विकला जातो. किंमत असते ती घडणावळीची. चाचांच्या खड्याचा दगड कुठला असेल ते असो. घडला असेल तो मात्र बहुधा खंबायतला.”

खंबायत म्हणजे गुजरातमधील खंभात. पण या धंद्याचा आणि आपल्या मराठवाड्याचा संबंध त्याहून जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाचे एक पुस्तक लिहिले गेले. समुद्रावर फिरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते माहितीचे पुस्तक होते. भडोचच्या बंदरात दख्खनमधून कोणता माल येतो, हे त्यात लिहिले आहे. पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा दगड मोठ्या प्रमाणात येतो आणि तगर येथून कापड येते, असे त्यात म्हटले आहे. हा माल गाड्यांत भरून, नीट रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून नेला जाई. भडोचहून पैठणला पोहोचायला २० दिवस आणि पैठणहून तगरला पोहोचायला आणखी १० दिवस लागत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अकीकाचे मणी सापडले आहेत.

नकाशा घ्या आणि पैठण व तेर या दोन गावांना सरळ रेघेने जोडा. ती रेघ आपल्या मांजरसुंब्याच्या जवळून जाते. आज येथून कापूस, साखर आणि पत्रे घेऊन ट्रक जातात. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखातून बैलगाड्या दगड आणि कापड घेऊन बंदराकडे जात होत्या.

त्याहूनही मागे गेलो, तर सिंधू संस्कृतीत लाल अकीकाचे लांब, सुबक मणी बनत. चन्हुदडो आणि लोथल येथे मणी बनवण्याचे कारखाने सापडले आहेत. हे मणी आजच्या इराकमधील ऊर या प्राचीन नगरापर्यंत गेले. तेथील साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या कबरींत ते मिळाले आहेत.

अकीकाचा उपयोग केवळ दागिन्यांपुरता नव्हता. तापवलेली लाख त्याला चिकटत नाही. म्हणून राजे, सरदार आणि काझी आपल्या मोहरा अकीकावर कोरून घेत. अक्षरे उलटी कोरायची, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटत. हाताने बनवलेला कागद लिहिण्यापूर्वी घोटून गुळगुळीत करावा लागे. त्यासाठी खुशनवीस अकीकाचा घोटा वापरत. सोन्याचा वर्ख चमकवायलाही तोच लागे. प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूची दांडी ज्या धारेवर टेकलेली असे, ती धार अकीकाची असे. कारण ती झिजत नाही. रसायने कुटण्याचे लहान खलही अकीकाचे असतात.

पुढे मी शिक्षक झालो. एकदा गुजरातमध्ये गेलो असताना सोनारकाकांचे बोलणे आठवले आणि मी खंभातला उतरलो. तेथे अकीकाचा जन्म नव्हे, तर पुनर्जन्म पाहिला.

भडोच जिल्ह्यात रतनपूरच्या परिसरात जमिनीतून अकीकाचे गोटे काढतात. ते दिवसेंदिवस उन्हात वाळवतात. मग मातीच्या मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर भाजतात. आचेने दगडातल्या लोहाचा पिवळट रंग बदलतो आणि दगड लाल होतो. नानांच्या खड्याची लाली अशी विस्तवातून आलेली होती! रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. ते आफ्रिकेतून आलेले संत होते, असे सांगतात. या धंद्यातली माणसे त्यांना मानतात.

भाजलेला दगड फोडण्याची रीत पाहण्यासारखी असते. कारागीर जमिनीत एक टोकदार लोखंडी सळई तिरपी रोवतो. दगड त्या टोकावर टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला देतो. घाव वरून बसतो आणि टवका खालून उडतो. असे टवके काढत काढत ओबडधोबड मणी तयार होतो. मग तो फिरत्या सहाणेवर घासतात. भोक पाडण्यासाठी धनुष्यासारख्या कमानीने फिरणारी गिरमिट वापरण्याची परंपरा आहे. तिच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या असतात. मण्यावर पाणी ठिबकत राहते आणि थोड्याच वेळात आरपार भोक पडते. शेवटी मण्यांना झिलई देतात. एक मणी किती हातांतून जातो, हे पाहून मी थक्क झालो.

पण सगळेच पाहून आनंद झाला नाही. एका घरात ओसरीवरच घासण्याचे चाक फिरत होते. चाकासमोर बसलेल्या माणसाचे केस, भुवया आणि पापण्या धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. शेजारी त्याची बायको मणी निवडत होती. एक मुलगी तेथेच बसून अभ्यास करत होती. तिच्या वहीवरही पांढरी धूळ होती. तो माणूस चार शब्द बोलला, की खोकत होता. वय विचारले, तर माझ्याहून लहान निघाला.

“क्षयाची औषधे घेतली. उतार पडत नाही,” तो म्हणाला.

त्याला बहुधा काय झाले होते, ते मला नंतर वाचून समजले. अकीक म्हणजे सिलिका. तो कोरडा घासला, की सिलिकेची अतिशय सूक्ष्म धूळ उडते. केसाच्या जाडीपेक्षा तिचे कण कितीतरी बारीक असतात. ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात आणि तेथून बाहेर पडत नाहीत. फुप्फुसाचा तो भाग हळूहळू निबर होतो. माणसाला दम लागू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याची लक्षणे क्षयासारखी असल्यामुळे पुष्कळदा ओळखण्यात चूक होते आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. निबर झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. चाक घरात असेल, तर जो काम करत नाही त्याच्या छातीतही धूळ जाते.

जो दगड चाकूला दाद देत नाही, पिढ्यान्‌पिढ्या झिजत नाही, तोच दगड फुप्फुसातही झिजत नाही. त्याचा जो गुण अंगठीला उपयोगी, तोच कारागिराला घातक.

आणि हे टाळता येते, हे अधिक वाईट वाटण्याजोगे आहे. दगड ओला ठेवून घासला, तर धूळ फारच कमी उडते. चाकाजवळ धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळी बसवता येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी केली आणि त्यांच्या चाकांसाठी अशी साधनेही तयार केली. तोंडावरचा साधा रुमाल मात्र पुरेसा नाही. बारीक कण त्यातून सहज आत जातात. धूळ अडवणारा योग्य मास्कच हवा. पण पंख्याला पैसे लागतात, वीज लागते. मजुरी नगावर मिळत असेल, तर ओल्या दगडाचे सावकाश चालणारे काम परवडत नाही. १९४८ चा कारखाने कायदा मोठ्या कारखान्यांसाठी होता. ओसरीवरच्या चाकापर्यंत तो पोहोचला नाही.

त्या रात्री मला विहिरीवरचे नाना आठवले. ते शाळेत गेलेले नव्हते. सिलिका हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. तरी दगड फोडण्यापूर्वी त्यांनी तो पाण्यात बुडवला होता आणि मला वाऱ्याच्या बाजूला उभे केले होते.

नाना आता नाहीत. त्यांची अंगठी माझ्या बोटात आहे. विहिरीत सापडलेले दोन तुकडे माझ्या टेबलावर आहेत. पूर्वी अंगठीकडे पाहिले, की मला तिचा रंग दिसे. आता तो खडा घासणारा कुणीतरी अनोळखी माणूस दिसतो. त्याने किती पैसे घेतले असतील, आणि त्याची छाती कशी असेल, असे मनात येते.

दरवर्षी मी ते तुकडे वर्गात नेतो. मुले ते हातात घेऊन उजेडात धरतात. माझ्या काही विद्यार्थ्यांचे वडील खडी क्रशरवर कामाला जातात, काहींचे भाऊ फरशी कापतात. तास संपताना मी त्यांना एकच घरचा अभ्यास देतो : आज घरी गेल्यावर विचारा, तुमच्या कामावर दगडावर पाणी मारतात का? मारत नसतील, तर का नाही?

शब्दार्थ

शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
मुरूम – माती व दगड यांच्या मधला भुसभुशीत खडक
कोंदण – दागिन्यात खडा बसवण्याची जागा
वलय – गोल कडे, वर्तुळ
बिल्लोरी – काचेसारखा स्वच्छ, पारदर्शक
शंखजिरे – अतिशय मऊ असे एक पांढरे खनिज
पैलू – खड्याला पाडलेली सपाट बाजू
घडणावळ – वस्तू घडवण्याची मजुरी
खुशनवीस – सुंदर अक्षर लिहिणारा
घोटा – घोटून गुळगुळीत करण्याचे साधन
सहाण – घासण्याचा दगड
गिरमिट – भोक पाडण्याचे हत्यार
झिलई – चमक, तकाकी
निबर – कठीण, घट्ट झालेले
दाद न देणे – जुमानणे नाही
थक्क होणे – आश्चर्यचकित होणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मांजरसुंबा कोणत्या डोंगररांगेवर वसले आहे?
(२) नाना कोणते काम करत?
(३) मोस यांच्या श्रेणीत अकीकाचा कठीणपणा किती आहे?
(४) तगर हे कोणत्या गावाचे जुने नाव आहे?
(५) सिलिकोसिस हा रोग कशामुळे होतो?

प्र. २. कारणे लिहा.
(१) सरांनी चाकूने अकीकावर ओढलेली रेघ पुसली गेली.
(२) अकीक रंगवता येतो.
(३) मोहरा कोरण्यासाठी अकीक वापरत.
(४) भाजल्यावर अकीक लाल होतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) खडकातील पोकळीत अकीक कसा तयार होतो?
(२) खरा अकीक ओळखण्याच्या कोणत्या युक्त्या सोनारकाकांनी सांगितल्या?
(३) ‘जो गुण अंगठीला उपयोगी, तोच कारागिराला घातक,’ असे लेखक का म्हणतो?
(४) नानांनी दगड फोडताना कोणती काळजी घेतली? ती का घेतली?

प्र. ४. अकीक, मजुरी, किंमत, कारागीर, जमीन हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

प्र. ५. ‘दाद न देणे’ आणि ‘थक्क होणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या परिसरात दगडाचे काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. ती कोणती हत्यारे वापरते आणि धुळीपासून स्वतःला कसे जपते, याची माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.